सिग्नल गेला म्हणण्यापूर्वी



पाऊस सरला, सड्यावरचं, म्हणजे कातळपठारावरचं, गवत वाळलं, की रेडिओ कंट्रोलवरची विमानं उडवणाऱ्यांना मोकळं आकाश मिळतं. मात्र रत्नागिरीच्या धावपट्टीवर तटरक्षक दलाचा हवाई तळ आहे. तिच्या आसपास विमान नेऊच नका. दुसरीकडे उडवायचं तरी सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ संकेतस्थळावरच्या नकाशात जागा आधी पाहून घ्या.

विमान कोसळलं की पहिला उद्गार ठरलेला, ‘सिग्नल गेला!’ क्रिस्टलवरच्या जुन्या सेटांत हे घडायचंही. दोघांचं चॅनल एकच निघालं, की एकाने ट्रान्समीटर चालू करताच दुसऱ्याचं विमान भरकटायचं. आताचे सेट 2.4 गिगाहर्ट्‌झवर चालतात आणि बाइंड केलेला, म्हणजे जोडी जुळवलेला, रिसीव्हर आपल्याच ट्रान्समीटरचं ऐकतो. तरीही आळ रेडिओवरच. चोर सोडून संन्याशाला फाशी!

चोर बहुतेकदा वीजपुरवठ्यात सापडतो. जमिनीवर सर्व्हो, म्हणजे विमानाची सुकाणू हलवणाऱ्या छोट्या मोटरी, अलगद हलतात, सगळं ठीक वाटतं. हवेत जोराचं वळण घेताना चारही सर्व्हो एकदम वीज ओढतात, व्होल्टेज कोसळतं, रिसीव्हर क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू होतो. तेवढ्यात विमान हातचं जातं. म्हणून रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनलला मीटर लावा आणि दोन्ही स्टिक एकदम गरगर फिरवा. आकडा धाडकन खाली आला, तर बॅटरी, स्विच, जोडण्या तपासा.

आपल्याकडे त्यात खारी हवा. प्लगच्या पिनांवर हिरवट थर चढतो, तो दिसतो तरी. वायर मात्र वरून नवी कोरी, आणि आवरण सोललं की आतलं तांबं काळं पडलेलं. अशी वायर खरवडत बसू नका, सरळ बदला.

एकच एलेरॉन थरथरत असेल, तर त्याचा प्लग काढून इलेव्हेटरच्या चॅनलला लावून पाहा. थरथर सर्व्होबरोबर गेली, तर दोष सर्व्होत किंवा त्याच्या वायरीत. मूळ चॅनलला लावलेला दुसरा सर्व्होही थरथरू लागला, तर रिसीव्हर आणि ट्रान्समीटरकडे वळा.

अँटेनाचं शेवटचं उघडं टोक जेमतेम 31 मिलिमीटर असतं, पण खरं काम तेच करतं. ते कापू नका, कार्बनच्या दांडीला चिकटवू नका. दोन अँटेना असतील तर एकमेकींशी काटकोनात बसवा. ट्रान्समीटरची अँटेना विमानावर रोखू नका. टोकाच्या दिशेला तिचा जोर सर्वांत कमी असतो. मग रेंज चेक. सेट कमी शक्तीवर ठेवून माहितीपुस्तिकेत दिलेल्या अंतरापर्यंत चालत जा. एकदा मोटर बंद ठेवून आणि एकदा चालू ठेवून, विमान कुणीतरी मागून घट्ट धरलेलं असताना.

सड्यावर गुरं चरतात, माणसं ये-जा करतात. म्हणून फेलसेफची, म्हणजे सिग्नल तुटल्यावर मोटर थांबते का याची, चाचणी कधीच टाळू नका. प्रोपेलर काढा, मोटर थोडी फिरू द्या आणि ट्रान्समीटर बंद करा. मोटर थांबली पाहिजे. नाही थांबली, तर त्या दिवशी उड्डाण नाही.