चिमूटभर क्षार



आपली गावठी कोंबडी दिवसभर उकिरडा उकरते. किडे टिपते, खडे गिळते, शिंपल्याचा तुकडा दिसला की तोही खाते. तिला लागणारे क्षार ती स्वतः शोधते.

मांसासाठी पाळलेल्या ब्रॉयलर पिल्लाचे तसे नाही. ते खुराड्यातच वाढते. आपण देऊ तेवढेच त्याला मिळते. शिवाय त्याची वाढ फार झपाट्याची. पहिल्या दिवशी पिल्लू सुमारे ४० ग्रॅमचे असते. सहा आठवड्यांत ते दोन किलोच्या वर जाते. एवढा भार हाडांनी पेलायचा. मग हाडे बळकट नकोत का?

हाडांना कॅल्शियम म्हणजे चुना लागतो, आणि फॉस्फरसही लागतो. हे कमी पडले तर हाडे मऊ राहतात. चोच दाबली की रबरासारखी वाकते. मँगनीज नावाचा क्षार तर अगदी थोडा लागतो. पण तो नसला तर पायाचा सांधा सुजतो, पाय बाजूला वळतो. असा पाय पुन्हा सरळ होत नाही. लंगडे पिल्लू खाद्यापर्यंत पोचत नाही आणि उपाशी मरते.

आता कोणी म्हणेल, अर्नाळ्याचा किनारा जवळ आहे, शिंपले आणू, कुटून ओंजळभर घालू. थांबा! अंडी देणाऱ्या कोंबडीला चुना पुष्कळ लागतो, कारण अंड्याचे कवच चुन्याचे असते. मांसाच्या पिल्लाला १०० किलो खाद्यात सुमारे १ किलो कॅल्शियम पुरते. जास्त झाले तर वाढ खुंटते, मूत्रपिंडे बिघडतात. आणि शिंपल्यात फॉस्फरस जवळजवळ नसतोच.

मिठाचेही तसेच. १०० किलो खाद्यात सारे मिळून सुमारे ३०० ग्रॅम मीठ पुरे. सुकट खारवलेली असेल तर तिच्यातच मीठ असते. त्यात वरून मीठ घातले, तर पिल्ले सारखी पाणी पितात, पातळ हगतात आणि मरतात.

म्हणून एवढे लक्षात ठेवा:

१. तयार खाद्याच्या पोत्यात क्षार घातलेले असतात. वरून घालू नका.

२. मका, कणी, पेंड घरी मिसळत असाल, तर कोंबड्यांचेच क्षारमिश्रण आणा. गुराढोरांचे नको.

३. पिशवीवरचे माप वाचा. वजन करून घ्या, अंदाजाने नको.

४. क्षार आधी थोड्या भरड्यात कालवा. मग तो भरडा साऱ्या खाद्यात मिसळा. नाहीतर एका पिल्लाला फार नि दुसऱ्याला काहीच नाही, असे होते.

५. पिल्ले लंगडू लागली, तर लगेच गुरांच्या डॉक्टरांना दाखवा. लंगडण्याचे कारण रोगही असू शकते.

मंडळी, पिशवीवरचे माप आता तुम्हांला वाचता येते. दुकानदाराला विचारत बसू नका. स्वतः वाचा, आणि शेजाऱ्यालाही वाचून दाखवा.