पहिला धातुशोधक : वाळूसाठीं आणि शेतासाठीं

इंग्लंडच्या पूर्व भागांत, सफोक परगण्यांत, हॉक्सन नांवाचें एक लहानसें खेडें आहे. तेथील एका शेतकऱ्याचा हातोडा शेतांत कोठें तरी पडला आणि कांहीं केल्या सांपडेना. म्हणून १६ नोव्हेंबर १९९२ रोजीं एरिक लॉज नांवाचे त्याचे एक स्नेही आपलें यंत्र घेऊन त्या शेतांत उतरले. लॉज हे माळीकाम करून निवृत्त झालेले गृहस्थ. निवृत्तीच्या वेळीं त्यांना एक मेटल डिटेक्टर भेट मिळाला होता. हातोडा शोधतां शोधतां यंत्रानें मोठा नाद केला आणि मातींतून निघूं लागले रुप्याचे चमचे, सोन्याचे दागिने आणि नाण्यांमागून नाणीं. पुढें मोजदाद झाली तेव्हां रोमन अमलाच्या अखेरचीं सुमारें १५,००० नाणीं भरलीं. सगळें उकरून काढण्याचा मोह लॉज यांनीं आवरला आणि अधिकाऱ्यांना वर्दी दिली. त्यामुळें दुसऱ्या दिवशीं पुराणवस्तुसंशोधकांना उरलेला ठेवा जसा पुरला गेला होता तसाच पाहतां आला. हातोडाही सांपडला, तो आज ब्रिटिश म्युझियममध्यें त्या ठेव्याच्या सोबतीला आहे.

अशी हकीकत कानीं पडली कीं पुष्कळांच्या हाताला खाज सुटते. इंग्लंडांत हा छंद मोठा लोकप्रिय आहे. तेथें स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी कुटुंबांतही मुलगा वडिलांसाठीं असें यंत्र घेण्याचा बेत करतो. रविवारीं समुद्रकिनारा, एरव्हीं गांवाबाहेरचें शेत, आणि दोन्हीकडे एकच यंत्र पुरावें, ही इच्छाही रास्तच. पण दुकानांत गेल्यावर बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात : ‘हें यंत्र किती खोल पाहतें?’ हा प्रश्न पहिला नव्हे. पहिला प्रश्न असा कीं, तें कोणत्या जमिनीवर शांत राहतें?

यासाठीं यंत्राच्या पोटांत काय चालतें तें थोडें समजून घ्यावें लागतें. दांड्याच्या टोकाला जी तबकडी असते, तिच्यांत तांब्याच्या तारेचीं वेटोळीं असतात. एका वेटोळ्यांतून उलटसुलट वाहणारा विजेचा प्रवाह सोडला म्हणजे खालच्या जमिनींत बदलतें चुंबकीय क्षेत्र पसरतें. त्या क्षेत्रांत धातु आली कीं तिच्या अंगांत भोंवऱ्यासारखे प्रवाह उठतात, त्यांचें स्वतःचें क्षीण क्षेत्र निर्माण होतें, आणि दुसरें वेटोळें तें टिपून कानाला कळवितें. कल्पना जुनीच आहे. १८८१ च्या जुलै महिन्यांत अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. शरीरांत अडकलेली ती गोळी हुडकण्यासाठीं टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनीं याच तत्त्वावर एक यंत्र घाईघाईनें सिद्ध केलें. जुन्या लढाईंतील गोळ्या अंगांत बाळगणाऱ्या सैनिकांवर तें बरोबर चालले होतें. अध्यक्षांच्या शय्येपाशीं मात्र तें गोंधळलें. कारण गादीखालीं पोलादी तारांच्या स्प्रिंगा होत्या. शिवाय शोध घेण्याची परवानगी डॉक्टरांनीं दिली ती उजव्या बाजूपुरती, आणि गोळी होती दुसऱ्या बाजूला. सप्टेंबरांत अध्यक्ष मरण पावले. यंत्र खोटें नव्हतें. त्याच्या खालची शय्या त्याला मानवणारी नव्हती.

समुद्रकिनाऱ्यावर नवशिक्याची गत अशीच होते. कोरडी वाळू निरुपद्रवी असते. तिच्यावर अगदीं साधें यंत्रही नीट चालतें. परंतु भरतीचें पाणी जेथवर येऊन गेलें आहे तेथील ओली वाळू खाऱ्या पाण्यानें भिजलेली असते, आणि खारें पाणी हें विजेचें वाहक आहे. एकाच कंपनसंख्येवर चालणारें यंत्र या खाऱ्या थराला धातु समजून बसतें. पाऊल टाकावें तों बडबड, तबकडी किंचित् उचलली तरी बडबड. संवेदनशीलता कमी केली कीं यंत्र गप्प होतें, पण मग खालची वस्तुही त्याला दिसत नाहीं. यांतली खरी गोम अशी कीं, खाऱ्या पाण्याचा प्रतिसाद बारीक सोन्याच्या प्रतिसादाशीं मिळताजुळता असतो. मीठ गाळावयास जावें तर नाजुक सांखळीही त्याच्याबरोबर गाळली जाते.

यावर जुना उपाय म्हणजे पल्स इंडक्शन जातीचें यंत्र. तें अखंड प्रवाह न सोडतां क्षणभर झटका देतें, थांबतें, आणि मागें उरलेला प्रतिध्वनि कसा विरतो तें ऐकतें. मिठाचा प्रतिध्वनि चटकन् मरतो, धातूचा थोडा रेंगाळतो. ओल्या वाळूवर, पाण्यांत, काळ्या रेतीवर हें यंत्र उत्तम. पण लोखंड आणि इतर धातु यांतील भेद त्याला फारसा उमगत नाहीं. वाळूंत खिळा निघाला तर एका फावड्याचें काम. शेतांत, जेथें शेंकडों वर्षांचे नाल, खिळे आणि नांगराचे तुकडे पडलेले असतात, तेथें असें यंत्र म्हणजे पाठीचा काटा मोडण्याची तजवीज. ज्यास शेतही पाहिजे त्यानें पहिलें यंत्र या जातीचें घेऊं नये.

मग राहिला तिसरा प्रकार : एकाच वेळीं अनेक कंपनसंख्या सोडणारें यंत्र. निरनिराळ्या कंपनसंख्यांना मीठ कसें उत्तर देतें, माती कसें देतें आणि धातु कसें देते, हें ताडून पाहून तें मिठाचा आणि मातीचा भाग वजा करतें. शिवाय उंच कंपनसंख्या बारीक सोन्याला आणि खालच्या मोठ्या रुप्याला मानवतात, तो दुहेरी लाभही पदरांत पडतो. हीं यंत्रें १९९१ च्या सुमारास बाजारांत आलीं तेव्हां तीं महागच होतीं. २०१८ सालीं मिनलॅब या ऑस्ट्रेलियन कंपनीचें इक्विनॉक्स निघालें, आणि मध्यम ऐपतीच्या माणसाला असें यंत्र घेण्याचा विचार करतां येऊं लागला. त्यानंतर त्याच कंपनीचें स्वस्तांतलें व्हँक्विश, आणि २०२२ सालीं तुर्कस्तानांतील नोक्ता कंपनीचें लीजेंड हीं आलीं. येथें एक बारकावा दुकानदार आपण होऊन सांगेलच असें नाहीं. व्हँक्विशची तबकडी पाण्यांत चालते, पण वरची पेटी पाण्याखालीं नेण्यासाठीं नाहीं. लीजेंड संबंध तीन मीटरपर्यंत बुडवितां येतें. घोट्याएवढ्या पाण्याच्या पुढें जावयाचें नसेल तर पहिलें पुरे. लाटांत उभें राहावयाचें असेल तर दोन पैसे अधिक मोजावे; एक अवचित लाट पेटीवरून गेली कीं वाचविलेले पैसे तिच्याबरोबर जातात.

एककंपनी यंत्र टाकाऊ असतें असा याचा अर्थ नव्हे. अमेरिकेंतील गॅरेट कंपनीचें साडेसहा किलोहर्ट्झवर चालणारें एस् २५० घेऊन शेतांत आयुष्य घालविलेले समाधानी लोक आहेत. किनारा वर्षांतून एकदांच आणि तोही कोरड्या वाळूपुरता पाहावयाचा असेल, तर उगाच खर्च कशाला?

खोलीविषयींही स्वच्छ बोललेलें बरें. नाण्याएवढी वस्तु साधारण वीतभर खोलीपर्यंत सांपडते, क्वचित् थोडी अधिक. तबकडी मोठी असली तर ती खोल पाहते, पण बारीक वस्तु तिच्या नजरेंतून निसटतात. लोखंडानें भरलेल्या जागीं लहान तबकडीच दोन खिळ्यांमधलें नाणें वेगळें दाखविते. सुमारें दहा-अकरा इंचांची तबकडी पहिल्यासाठीं ठीक.

आतां मुख्य सावधगिरी. बहुतेक यंत्रांच्या पडद्यावर वस्तूचा अंक उमटतो आणि नको त्या वस्तु वगळण्याची सोय असते. नवशिक्याला ही सोय फार आवडते. तो चांदीचा कागद वगळतो, डबीच्या झांकणाची कडी वगळतो आणि दिवसभर मोठ्या शांततेंत फिरतो. परंतु बायकांची सोन्याची अंगठी बहुधा त्याच अंकांवर बोलते, ज्यांवर तो कागद आणि ती कडी बोलते. थंड पाण्यांत बोटें आकसतात, अंगठ्या गळून पडतात. एखाद्या बाईची लग्नाची अंगठी अशी गेली आणि शेजारचे यंत्रवाले गृहस्थ मदतीला धांवले, तर त्यांच्या यंत्राला ती ऐकूंच येऊं नये, हा प्रकार केवळ त्या सोयीच्या अतिरेकानें घडतो. वाळूवर लोखंडाखेरीज कांहीं वगळूं नये. दहा कड्या उकरल्यावर अकराव्या वेळीं काय निघेल तें कोणतेंही यंत्र सांगूं शकत नाहीं. तसें सांगणारा विक्रेता भेटल्यास दुसरें दुकान गांठावें.

सगळे पैसे यंत्रांतच घालूं नयेत. वाळूसाठीं भोकांचें फावडें, खड्ड्यांत नेमकी जागा दाखविणारा हातांतला लहान शोधक, आणि लाटांच्या आवाजांत क्षीण नाद ऐकूं यावा म्हणून कर्णयंत्र, एवढें लागतेंच. समुद्रावरून आल्यावर तबकडी आणि दांडा गोड्या पाण्यानें धुवावा.

इंग्लंडांत कायद्याची बाजू स्पष्ट आहे. शेतांत मालकाची परवानगी पाहिजे. संरक्षित प्राचीन स्थळीं १९७९ च्या कायद्यानें संमतीवांचून यंत्र चालवितां येत नाहीं. १९९६ च्या कायद्यांतील व्याख्येप्रमाणें ठेवा ठरूं शकेल असें कांहीं मिळालें तर १४ दिवसांच्या आंत कॉरोनरला कळवावें लागतें. किनाऱ्यावर फुटक्या जहाजाचा अवशेष मिळाल्यास त्याची वर्दी २८ दिवसांत द्यावयाची. हॉक्सनच्या लॉज यांना मिळालेल्या साडेसतरा लक्ष पौंडांच्या बक्षिसांत शेतकऱ्यालाही वांटा मिळाला.

हेंच यंत्र सुटींत कोंकणांत आणण्याचा कोणाचा विचार असेल, तर त्यानें दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या रेतींत इल्मेनाइट आहे, वरचा जांभा लोहयुक्त आहे, आणि घाटावरच्या काळ्या पाषाणांत मॅग्नेटाइट असतें. तेव्हां यंत्र त्या त्या मातीशीं जुळवून घेतल्यावांचून, म्हणजे ‘ग्राउंड बॅलन्स’ केल्यावांचून, तेथें एक पाऊलही टाकूं नये. दुसरी गोष्ट, १८७८ च्या निखात-निधि कायद्याप्रमाणें दहा रुपयांहून अधिक किंमतीचा पुरलेला ठेवा सांपडल्यास कलेक्टरला लेखी कळविणें बंधनकारक आहे, आणि संरक्षित किल्ल्यांच्या व लेण्यांच्या आवारांत परवानगीवांचून जमीन उकरतां येत नाहीं.

यंत्र घरीं आलें म्हणजे पहिला आठवडा कोठेंही जाऊं नये. परसांत एक नाणें, एक खिळा, चांदीच्या कागदाची एक गोळी आणि घरांतल्या मंडळींची परवानगी असल्यास एक अंगठी, दोऱ्यानें बांधून, निरनिराळ्या खोलीवर पुरावी आणि प्रत्येकीचा नाद डोळे मिटून ओळखावयास शिकावें. दोऱ्याचें टोंक मात्र वर दिसेल असें ठेवावें.