दोन बलदंड मोटारी

(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचा गोषवारा)



मोटारींवर बोलणार म्हटल्यावर काही भुवया उंचावलेल्या मला येथून दिसत आहेत. दोष आमच्या चिरंजीवांचा. त्यांच्या खोलीत दोन मोटारींची चित्रे लावलेली आहेत आणि त्यांतील थोर कोणती, यावर घरात वाद चालू आहे. माझा जन्म नियम लिहिण्यात गेला. तेव्हा मी हा वाद नियमांच्या अंगाने पाहतो.

पहिली अमेरिकेची पाँटिअ‍ॅक जी.टी.ओ. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन बसवू नये, असा जनरल मोटर्सचा दंडक होता. जॉन डिलोरियन व त्यांच्या सहकाऱ्यांनी टेंपेस्ट या गाडीत ३८९ घनइंचांचे इंजिन बसविले आणि १९६४ च्या मोसमात ते सारे ‘ऐच्छिक सामान’ म्हणून विकले. दंडक गाडीला होता, ऐच्छिक सामानाला नव्हता! कोणाही मुरलेल्या हेडक्लार्कला हे ऐकून गहिवरून यावे. परवानगी पाच हजारांची होती. पहिल्या वर्षी ३२,४५० खपल्या.

दुसरी ऑस्ट्रेलियाची फोर्ड फाल्कन जी.टी.एच.ओ., १९७१ ची तिसरी आवृत्ती. दिसायला चार दारांची, सहकुटुंब देवदर्शनाला न्यावी अशी. आत मात्र ३५१ घनइंचांचे इंजिन, १६४ लिटरची टाकी आणि ताशी सुमारे २२८ किलोमीटर वेग. बाथर्स्टच्या ५०० मैलांच्या शर्यतीत सामान्य ग्राहकास विकली जाणारीच गाडी उतरविता येई. म्हणून शर्यतीची गाडीच ग्राहकाला विकणे आले. अशा ३०० बनल्या. १९७१ ची शर्यत अ‍ॅलन मॉफट यांनी एकट्याने चालवून जिंकली. वाटेत बिअरचे पुठ्ठ्याचे खोके समोरच्या जाळीवर येऊन चिकटले, तरी गृहस्थ थांबले नाहीत.

नावांची गंमत पाहा. जी.टी.ओ. हे नाव फेरारीकडून उचललेले. त्यातील ‘ओमोलोगातो’ म्हणजे शर्यतीसाठी मान्यताप्राप्त. १९६४ च्या पाँटिअ‍ॅकला तशी मान्यता नव्हतीच. फाल्कन खरोखर मान्यतेसाठी जन्मली, पण तिच्या एच.ओ.चा कागदोपत्री अर्थ ‘हँडलिंग ऑप्शन’, एवढा सोज्वळ!

जी.टी.ओ. विम्याचे वाढते हप्ते, धुराचे निर्बंध व तेलटंचाई यांनी झिजत १९७४ साली संपली. फाल्कनचा निकाल आठवड्यात लागला. २५ जून १९७२ रोजी सिडनीच्या एका वृत्तपत्राने ताशी १६० मैलांच्या गाड्या रस्त्यावर येत असल्याची आरोळी ठोकली. न्यू साउथ वेल्सचे परिवहनमंत्री मिल्टन मॉरिस कडाडले आणि कारखानदारांनी आपापले बेत गुंडाळले. पुढच्या वर्षी शर्यतीचे नियमही बदलले.

चिरंजीवांच्या मते मंत्र्याने एका कलेचा गळा घोटला. मी त्या खुर्चीत असतो, तर तीच सही केली असती. अपघातांच्या फायली मी पाहिल्या आहेत. त्यांत वयाचा एक रकाना असतो. तथापि न्यायाने सांगतो, दोहोंत थोर फाल्कनच. पाँटिअ‍ॅकने नियम चुकविला. फाल्कनने तो इतक्या निष्ठेने पाळला, की नियम करणाऱ्यांनाच घाम फुटला.

हे कबूल केल्याचे पाहून चिरंजीवांनी गेल्या महिन्यात मोटारसायकलीसाठी अर्ज केला आहे. त्यावर त्यांच्या मातोश्रींचा शेरा प्रतिकूल आहे. माझ्याकडे फाईल अद्याप विचाराधीन आहे.