नैतिक जबाबदारीचा संकेत
संसदीय लोकशाहीत खात्याच्या कारभाराची जबाबदारी मंत्र्यावर असते. नोव्हेंबर १९५६मध्ये मद्रास राज्यात अरियलूरजवळ झालेल्या रेल्वे अपघातात शंभराहून अधिक प्रवासी दगावले. त्याची नैतिक जबाबदारी स्वीकारून रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्री यांनी राजीनामा दिला. आयुर्विमा महामंडळाची उद्योगपती मुंदडा यांच्या कंपन्यांतील वादग्रस्त गुंतवणूक खासदार फिरोज गांधी यांनी लोकसभेत ऐरणीवर आणली. न्यायमूर्ती छागला यांनी तिची जाहीर चौकशी केली आणि १९५८मध्ये अर्थमंत्री कृष्णमाचारी पायउतार झाले. पुढे नैतिक जबाबदारी स्वीकारून पद सोडण्याचा हा संकेत क्षीण होत गेला. समिती नेमायची, दोष कनिष्ठांवर ढकलायचा आणि विषय मागे पडू द्यायचा, ही रीत रूढ झाली. नैतिक जबाबदारी कायद्याने लादता येत नाही; माहितीचा अधिकार वापरणाऱ्या जागरूक नागरिकांनीच तिचा आग्रह धरला पाहिजे.