तेल आटण्याआधीचा प्रश्न



आम्ही कामगार चळवळीतले. कॉलेजची पायरी चढलो नाही. तेव्हा या विषयातले जे आम्हांस उमगले, तेवढेच सांगतो.

१९५६ साली हबर्ट या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने भाकीत केले की, अमेरिकेचे तेलउत्पादन १९७० च्या सुमारास शिखर गाठील व मग उतरेल. झालेही तसेच. परंतु पुढे खडक फोडून तेल काढण्याची रीत निघाली आणि २०१८ साली ते जुने शिखर मागे पडले. मग हबर्ट खोटा ठरला काय? पुरता नाही. या रीतीच्या विहिरी पहिल्या एकदोन वर्षांतच झपाट्याने उतरतात. नव्या खणत राहावे लागते.

आपल्या घरचेच उदाहरण घ्या. मुंबई हाय १९७४ साली सापडले, १९७६ साली तेल येऊ लागले. १९८५ च्या सुमारास रोज पावणेपाच लाख पिंपांच्या आसपास निघे. आज त्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी निघते. तेल संपले नाही. भूगर्भातला दाब घटला, तेलाबरोबर पाणी येऊ लागले. शिखर म्हणतात ते हेच: विहीर कोरडी पडत नाही, पण उपसा वाढेनासा होतो.

आज देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक बाहेरून येते. कौंडण्यपूरची रुक्मिणीमातेची पालखी पंढरीस पायी जाते, तिला डिझेल लागत नाही. पण वारकऱ्याच्या शेतातला कापूस बाजारात न्यायला लागतेच. भाव चढला की व्यापारी तो पुढे ढकलतो. शेतकऱ्याने आणि मजुराने कोणाकडे ढकलावा?

आता काही जाणकार म्हणतात, तेल आटण्याआधी त्याची मागणीच उतरेल. विजेच्या गाड्या येतील. येवोत, आमचा विरोध नाही. परंतु डिझेल इंजिनावर हयात घालवलेल्या मिस्त्रीचे काय? त्याला नवे काम आधी शिकवा, शिकण्याच्या काळातला पगार द्या, आणि हे ठरवताना त्याला बैठकीत बसवा.

शिखर केव्हा येईल, यावर विद्वानांनी वाद घालावा. उताराचा भार कोणी किती उचलायचा, हे मात्र आपण सर्वांनी ठरवायचे आहे. आणि ते आजच ठरवले पाहिजे.