ठोसा हाताने नव्हे, पायाने मारतात

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत बसून पडद्याकडे बघणारा माणूस. गेली काही वर्षं आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी बॉक्सिंगच्या क्लबमध्ये जातो आणि नव्या मुलामुलींना सुरुवातीचे धडे द्यायला प्रशिक्षकांना मदत करतो. मी कुठला चॅम्पियन वगैरे नाही, हे आधीच सांगून टाकतो.

क्लबमध्ये आलेला प्रत्येक नवा मुलगा पहिल्या आठवड्यात एकच प्रश्न विचारतो. "भाई, पंच में जान कैसे आएगी?" या प्रश्नामागे कधी कधी दुसराही एक प्रश्न असतो, तो सहसा कुणी मोठ्याने विचारत नाही. रात्रीच्या ट्रेनमध्ये, अनोळखी गल्लीत, कुणी नाव विचारून अंगावर आलं तर मी काय करू? दोन्ही प्रश्न खरे आहेत, पण त्यांची उत्तरं वेगवेगळी आहेत. आज आधी पहिल्याचं उत्तर देतो आणि शेवटी दुसऱ्याकडे वळतो.

नवा मुलगा बॅगसमोर उभा राहिला की दात-ओठ खातो, खांदे कानापर्यंत चढवतो आणि दंडाच्या जोरावर हात फेकतो. बॅग जेमतेम हलते. शेजारी पन्नास किलोची एखादी मुलगी सहज मारते आणि तीच बॅग वाकते. फरक कशाचा? दंडाचा नक्कीच नाही.

१९८५ साली सोव्हिएत संशोधकांनी शंभराहून अधिक बॉक्सरांचे ठोसे मोजले. कसलेल्या बॉक्सरांच्या ठोशात पायांचा वाटा सुमारे ३८ टक्के होता, धड वळवण्याचा सुमारे ३७ टक्के आणि हाताचा फक्त २४ टक्के. नवख्यांमध्ये चित्र उलटं होतं. तिथे हाताचा वाटा ३८ टक्क्यांच्या जवळ आणि पायांचा १६-१७ टक्के. म्हणजे शिकत जाणं याचा अर्थ ताकद हातातून काढून पायात नेणं.

हे कसं घडतं ते उभं राहून करून बघा. पाय खांद्याइतके फाकवा, डावा पुढे, उजवा मागे. मागची टाच किंचित उचललेली, गुडघे सैल. आता उजव्या पायाच्या चवड्याने जमीन मागे ढकला. टाच बाहेरच्या बाजूला फिरेल, तिच्यामागोमाग कंबर वळेल, मग छाती, मग खांदा, मग कोपर उघडेल आणि सगळ्यात शेवटी मूठ पोचेल. डावा हात हनुवटीपाशीच राहू द्या. क्रम महत्त्वाचा आहे. कंबर वळायच्या आधी हात निघाला तर पायांची सगळी मेहनत मागे राहते आणि हात एकटाच पुढे जातो. डावखुऱ्यांनी बाजू बदलून करा.

यामागचं भौतिकशास्त्र शाळेतलंच आहे. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. मुठीचं वजन वाढवता येत नाही, पण मुठीमागे शरीराचं किती वजन उभं आहे, हे बदलता येतं. वेगही बदलता येतो. १९८५ मध्येच ब्रिटनचा हेवीवेट बॉक्सर फ्रँक ब्रुनो याचा ठोसा प्रयोगशाळेत मोजला गेला. मूठ लक्ष्यावर पोचली तेव्हा तिचा वेग सेकंदाला ८.९ मीटर, म्हणजे ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास होता. स्पर्श झाल्यापासून १४ मिलिसेकंदांत जोर ४,०९६ न्यूटनपर्यंत चढला, म्हणजे अंदाजे ४०० किलो वजनाच्या भाराइतका.

आता सैलपणाचं बघू. कोपर सरळ करतो तो दंडाच्या मागचा स्नायू, आणि वाकवतो तो पुढचा. रागाने सगळा हात आवळला की पुढचा स्नायू मागच्याला ब्रेक लावतो. एका पायाने ॲक्सिलरेटर आणि दुसऱ्याने ब्रेक दाबून गाडी पळत नाही. मणक्याचे कॅनेडियन अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांनी अव्वल लढवय्या खेळाडूंच्या स्नायूंची विद्युत नोंद घेतली, तेव्हा त्यांना दोन शिखरं दिसली. फटका सुरू होताना स्नायू आवळतात, मध्ये सैल पडतात आणि लक्ष्यावर आदळताना पुन्हा आवळतात. म्हणून मूठ शेवटच्या क्षणी घट्ट करायची आणि त्याच क्षणी नाकातून श्वास बाहेर फेकायचा. रागावलेल्या माणसाला हे मधलं सैल पडणं जमत नाही. आमचे प्रशिक्षक "गुस्सा बाहर रखके आओ" म्हणतात, ते उपदेशापेक्षा तंत्र म्हणून जास्त खरं आहे.

आता शरीर घडवण्याबद्दल. आपल्याकडे या कामासाठी जुना शब्द आहे, तालीम. अरबीत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत आल्यावर त्याचा आखाडा झाला आणि उस्तादाचा वस्ताद झाला. 'कसरत' हाही अरबी शब्द. मूळ अर्थ विपुलता, पुन्हा पुन्हा होणं. व्यायाम म्हणजे पुनरावृत्ती, हे भाषेनेच सांगून ठेवलं आहे.

सुरुवात महागड्या जिमपासून करायची गरज नाही. पहिले दोन-तीन महिने बैठका, जोर, पुल-अप, प्लँक आणि दोरीवरच्या उड्या पुरेशा आहेत. दोरीने पोटऱ्या आणि पायांची चपळाई तयार होते, आणि ठोसा तिथूनच निघतो. पाया झाला की आठवड्यातून दोन दिवस वजन घेऊन स्क्वॉट आणि डेडलिफ्ट, जाणकाराच्या नजरेखाली. तीन-चार सेट, प्रत्येकी पाच-सहा वेळा, त्याहून जास्त नाही. आपल्याला फुगलेले दंड नको आहेत, झटक्यात लागणारी ताकद हवी आहे. त्यासाठी तीन ते पाच किलोचा मेडिसिन बॉल घ्या आणि भिंतीला काटकोनात उभे राहून कमरेच्या वळणाने फेका. एका बाजूने सहा-आठ फेक, पूर्ण वेगाने. वेग मंदावला की थांबा, कारण मंद फेकींचा सराव केला तर मंदपणाच पक्का होतो.

माझ्यासारख्या खुर्चीतल्या लोकांची अडचण वेगळी. दिवसभर बसून कमरेचा पुढचा भाग आखडतो आणि पाठ गोल होते. कंबर वळतच नसेल तर पायातली ताकद तिथेच अडते. म्हणून तासातून एकदा उठायचं, आणि सरावाआधी कंबर व खांदे दहा मिनिटं मोकळे करायचे. खांद्याच्या आतल्या छोट्या स्नायूंसाठी रबर बँडचे व्यायाम रोज. कंटाळवाणे असतात, पण खांदा टिकतो तो त्यांच्यावर.

मूठ कठीण करायची म्हणून भिंतीवर, झाडावर हात आपटणारी मुलं मी पाहिली आहेत. हे बंद करा. हाड भार पडल्यावर बळकट होतं हे खरं, पण हळूहळू, कित्येक महिन्यांत आणि पेलेल एवढ्याच भाराने. भिंतीवर आपटून आधी कातडी आणि संवेदना मरते. दुखणं थांबलं म्हणजे हाड मजबूत झालं असं नसतं. तर्जनी आणि मधल्या बोटाची गाठ लक्ष्यावर लागली पाहिजे, कारण त्यांच्यामागे मनगट सरळ रेषेत येतं. करंगळीच्या बाजूने मारलं की तळहाताचं हाड मोडतं. डॉक्टर त्याला 'बॉक्सर्स फ्रॅक्चर' म्हणतात, पण ते बॉक्सरांपेक्षा रागाने भिंतीवर हात मारणाऱ्यांनाच जास्त होतं. बॅगवर जाताना साडेचार मीटरची पट्टी नीट गुंडाळा, वर ग्लोव्हज घाला.

स्नायू वाढतो तो विश्रांतीत. जड व्यायामानंतर त्याच स्नायूंना दोन दिवस द्या. सात-आठ तास झोपा, कारण रात्री दोनपर्यंत मोबाईल बघणाऱ्याला कुठलीही पावडर वाचवत नाही. प्रथिनं दर किलो वजनामागे दीड ते दोन ग्रॅम पुरतात. साठ किलोच्या मुलाला ९० ते १२० ग्रॅम. अंडी, डाळ, चणे, दही, चिकन यांतून ती मिळतात. जिममध्ये कुणी 'कोर्स' म्हणून इंजेक्शन पुढे केलं तर तिथून निघून या. स्टिरॉइडने शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनणं मंदावतं आणि हृदयावर ताण येतो.

रमजानबद्दल दरवर्षी विचारतात. रोजा ठेवणाऱ्यांनी त्या महिन्यात नवी शिखरं गाठायला जाऊ नये. कमावलेलं टिकवणं एवढंच ध्येय ठेवा. जड व्यायाम इफ्तारनंतर दीड-दोन तासांनी, तोही कमी. दिवसा फक्त तंत्राचा हलका सराव. पाणी इफ्तार ते सहरीपर्यंत थोडं थोडं प्या. चक्कर आली तर सराव तिथेच थांबवा.

मुलींसाठी एक गोष्ट खास सांगायची आहे. निखत जरीन तेलंगणातल्या निजामाबादची. सुरुवातीला ती धावपटू होती. वडिलांच्या पाठिंब्याने बॉक्सिंगमध्ये आली. तिच्या शॉर्ट्सवरून लोक बोलले, मुलगी असून हा खेळ कशाला असंही विचारलं गेलं. २०११ मध्ये तुर्कस्तानात ती ज्युनियर विश्वविजेती झाली. २०१७ मध्ये खांदा निखळला, शस्त्रक्रिया झाली, जवळपास वर्ष गेलं. २०२२ मध्ये इस्तंबूलला ती वरिष्ठ गटात विश्वविजेती झाली आणि २०२३ मध्ये दिल्लीत पुन्हा. २०११ ते २०२२, अकरा वर्षं. "तीन महिन्यांत पॉवर येईल का?" असं विचारणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. आणि आमच्या क्लबमधला माझा अनुभव असा की मुली तंत्र लवकर शिकतात. ताकदीच्या भरवशावर राहायची सवय त्यांना नसते.

नुसती ताकद पुरत नाही, याचं मोठं उदाहरण म्हणजे ३० ऑक्टोबर १९७४ ची किन्शासाची लढत. जॉर्ज फोरमन तेव्हा चाळीस लढती जिंकलेला, एकही न हरलेला. त्याच्याइतका जोरकस मारणारा त्या काळात क्वचितच कुणी असेल. मुहम्मद अली दोरांना टेकून उभा राहिला, फटके हातांवर आणि अंगावर घेत राहिला. फोरमनने आपली ताकद उधळली, आणि आठव्या फेरीत अलीने त्याला पाडलं. म्हणून दम वाढवा. आठवड्यातून दोन-तीनदा धावा. बॅगवर तीन मिनिटांच्या फेऱ्या करा, मध्ये एक मिनिट विश्रांती. तिसऱ्या फेरीतला ठोसा पहिलीतल्या ठोशासारखा निघाला, तरच तुमच्याकडे ताकद आहे.

पण अलीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९८४ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी त्याला पार्किन्सनचं निदान झालं. डोक्यावर वर्षानुवर्षं मार खाल्ल्याने मेंदूचं काय होतं, हे अमेरिकन डॉक्टर हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्येच लिहून ठेवलं होतं. ठोशाने डोकं झटक्यात फिरतं आणि कवटीतला मेंदू ओढला जातो. हेल्मेटने कातडी फाटायची वाचते, मेंदूचं हे फिरणं थांबत नाही. म्हणून माझा आग्रह असा: बॅग मनसोक्त मारा, पण जोडीदाराशी सराव हलका ठेवा आणि डोक्यावर जोराने मारू नका. डोक्याला मार लागून मळमळ, गोंधळ किंवा अंधारी आली तर त्या दिवशी सराव बंद. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय परत उतरायचं नाही.

आता तो दुसरा प्रश्न. रस्त्यावर काय?

कवटीचं हाड तुमच्या बोटांच्या हाडांपेक्षा कठीण असतं. उघड्या मुठीने डोक्यावर मारलं तर बहुधा तुमचाच हात मोडेल. आणि समोरचा पडला तर रिंगणातल्या गादीवर नाही, डांबरावर पडेल. एका ठोशाने, खरं तर त्यानंतरच्या पडण्याने, माणसं मेली आहेत. कायदाही लक्षात ठेवा. जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाचा अधिकार देतात. तो अधिकार तुमचा आहे, कुणाची मेहेरबानी नाही. पण बचावाला लागते त्यापेक्षा जास्त इजा करण्याचा अधिकार कुणालाही नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर तीच घ्यावी लागते. ज्याला खटला, वकील आणि तारखा म्हणजे काय हे घरात बघून माहीत आहे, त्याला मी वेगळं सांगायला नको.

मग एवढी मेहनत कशासाठी? सरावाने मला सर्वात उपयोगी पडलेली गोष्ट ठोसा नाहीच. कुणी अंगावर ओरडत आलं तरी श्वास चालू राहतो, पाय जागेवर राहतात आणि डोकं विचार करतं. दोन पावलं मागे सरून वाट कुठे आहे ते दिसतं. भेदरलेला माणूस एकतर गोठतो किंवा नको तिथे हात उचलतो. ज्याने शेकडो वेळा शांतपणे मार चुकवला आहे, त्याला काही सिद्ध करून दाखवायची घाई नसते. सोबत फोन करा, लोक गोळा करा, तक्रार लेखी द्या. भीतीवरची ही उत्तरं मुठीपेक्षा लांब पल्ल्याची आहेत, आणि तीही सरावानेच येतात.

तर उद्या सकाळी सुरुवात करा. वीस बैठका, दहा जोर, पाच मिनिटं दोरी. आरशासमोर पन्नास ठोसे, सावकाश, टाच फिरतेय का ते बघत. परवा पुन्हा तेच. सहा महिन्यांनी बॅगच तुम्हाला सांगेल.

आता प्रश्न विचारा. ज्यांना टाच फिरवायला जमत नाहीये त्यांनी इकडे पुढे या, बूट काढून.