निरोगी कोंबडीला औषध कशाला?

नाशिक जिल्ह्यात ब्रॉयलर कोंबड्या बऱ्याचदा करारावर वाढतात. पिल्लं, खाद्य, औषधं कंपनीची… शेड आणि राबणं शेतकऱ्याचं. मोबदला वजनावर. दाटीवाटीत रोग झपाट्याने पसरतो. म्हणून निरोगी कोंबडीलाही प्रतिजैविकं देण्याची प्रथा पडली. खुपतं ते हेच. कोलिस्टिन हे माणसासाठी जवळजवळ शेवटचं राखीव औषध. तेसुद्धा वजनवाढीसाठी खाद्यात जायचं! केंद्र सरकारने जुलै 2019 मध्ये त्यावर बंदी घातली.

कुणी म्हणेल, आजारी कोंबडीला औषध द्यायचंच नाही का? जरूर द्यावं, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने. पुन्हा सांगतो… आजारावर उपचार वेगळा, निरोगी कोंबडीला रोजचा डोस वेगळा; त्यातूनच औषधाला न जुमानणारे जंतू वाढतात. दुसरा आक्षेप, रस्सा उकळला की जंतू मरतात. खरंय. पण असे जंतू शेडमध्ये अंथरलेल्या तुसातही असू शकतात. तेच तूस, विष्ठेसकट, कोंबडखत म्हणून शेतात पडतं. तिथे कुठली उकळी? उरला स्वस्ताईचा मुद्दा. तो खोटा नाही. रोजच्या औषधाऐवजी जागा, हवा, स्वच्छता वाढवली तर किलोमागे थोडे पैसे चढतील. ते एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारून चालणार नाही. कराराच्या दरातच धरायला हवेत.